तळमजल्याची बदललेली जमीन : कामाची तपासणी

तळमजल्याची जुनी जमीन उखडून नवी घातल्यावर काम ठरल्याप्रमाणे झाले की नाही, हे पाहण्याची पद्धत. दख्खनच्या पठारावरील जुने वाडे व बैठी घरे यांत शेणाने सारवलेली माती किंवा चुन्यात बसवलेली शहाबादी फरशी आढळते. ती खचण्याची नेहमीची कारणे अशी : घुशींनी भराव पोखरणे, मोरीचे पाणी मुरून माती वाहून जाणे आणि काळ्या मातीचे पावसाळ्यात फुगणे व उन्हाळ्यात आकसणे. कारण न शोधता फरशी बदलली तर नवी जमीनही तिथेच बसते. म्हणून कंत्राटदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की उखडल्यावर खाली काय सापडले.

भराव : सर्वांत महागडे दोष इथले असतात आणि फरशी बसल्यावर ते दिसत नाहीत. मुरूम १५ ते २० सेंमी.च्या थरांत टाकून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने किंवा यंत्राने ठोकावा लागतो. दोन फूट एकदम ओतून वरून ठोकलेला भराव खाली सैलच राहतो. काळी माती, राबिट, लाकडाच्या ढलप्या त्यात नसाव्यात. उखडलेले राबिट वाहून न्यायला पैसे पडतात, तेव्हा ते जमिनीखालीच गाडण्याचा मोह असतो. ढलप्या म्हणजे वाळवीला आयते खाद्य. आलेला माल मोजणे हीही तपासणीच : १० × १२ फूट खोलीत ठोकून १ फूट मुरूम म्हणजे १२० घनफूट, अर्थात १.२ ब्रास. सैल मुरूम दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक यायला हवा. एका ब्रासचीच गाडी रिकामी झाली असेल, तर उरलेली जागा कशाने भरली ते विचारावे. वाळवीरोधक औषध ठोकलेल्या भरावावर, काँक्रीटपूर्वी फवारतात. नव्या बांधकामासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकात दर चौ. मी.ला ५ लिटर मिश्रण सांगितले आहे.

काँक्रीट : भरावावरच्या सोलिंगवर (दगडांच्या थरावर) साधारण ४ इंच पीसीसी (साधे, बिनसळईचे काँक्रीट) घालतात. १:४:८ प्रमाण धरल्यास वरील खोलीला सुमारे ४ गोण्या सिमेंट लागते. जाडी नंतर कळत नाही, म्हणून ओतण्याआधी भिंतींवर खुणा करून दोरी ताणावी व फोटो काढून ठेवावेत. आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १० दिवस पाणी मारावे लागते. घरकामासाठी आणलेली गोणी बहुधा पीपीसीची, म्हणजे मिश्र सिमेंटची असते. गवंडी मात्र तिसऱ्या दिवशी फरशीला हात घालू पाहतो.

ओल : काँक्रीटवर दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. खाली घाम धरला, तर लाकडी किंवा व्हिनाइलची जमीन घालण्याची घाई करू नये. जुन्या दगडमातीच्या घरांत काँक्रीटखाली प्लॅस्टिक अंथरावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. ओल मग भिंतींत चढते, असे काहींचे म्हणणे आहे.

फरशी : नाण्याने ठोकून पोकळ आवाज येतो का पाहावे, मोरीत बादलीभर पाणी ओतून उतार पाहावा. दारे घासतात का, तेही.

कायदा : स्थावर संपदा कायद्यातील (२०१६) ५ वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी विकासकावर असते, घरमालकाने दुरुस्तीसाठी नेमलेल्या कंत्राटदाराला ती लागू नाही. त्याच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायद्याखाली (२०१९) तक्रार करता येते.