कवितेला गुण कोणी द्यायचे? ‘पोएट्री स्लॅम’चा इतिहास

१/
शिकागोच्या उत्तर भागातील अपटाउन वस्तीत ‘ग्रीन मिल’ नावाचा एक जुना जाझ क्लब आहे. दर रविवारी संध्याकाळी तेथे सूत्रधार मंचावर येऊन आपले नाव सांगे आणि समोरचे सारे श्रोते एका सुरात ओरडत, ‘मग काय?’ अपमानाचा हेतू त्यात नव्हता. ती कार्यक्रमाची नांदी होती. कवीचे नाव, पद, प्रतिष्ठा येथे चालणार नाही. समोर जे म्हणाल त्यावरच तुमची किंमत ठरेल, असा या दोन शब्दांचा अर्थ. पोएट्री स्लॅमचा इतिहास याच ‘मग काय?’पासून सुरू होतो.

२/
‘ओपन माइक’, ‘फीचर्ड पोएट’, ‘स्लॅम’ हे शब्द आज मुंबई-पुण्याच्या कॅफेंतही सर्रास ऐकू येतात. तिन्हींत फरक आहे. ओपन माइकमध्ये यादीत नाव लिहील त्या कोणालाही मंच मिळतो. फीचर्ड पोएट हा निमंत्रित कवी. त्याला अधिक वेळ आणि अधिक मान असतो. स्लॅम म्हणजे स्पर्धा. या तिन्हींना एका संध्याकाळीत गुंफण्याचे काम ग्रीन मिलमध्ये झाले. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

३/
७ ऑक्टोबर १९५५. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘सिक्स गॅलरी’ या लहानशा कलादालनात ॲलन गिन्सबर्ग या तरुण कवीने आपली ‘हाउल’ ही दीर्घकविता प्रथमच लोकांसमोर वाचली. जॅक केरुअॅक श्रोत्यांत वाइन फिरवीत होता आणि कवीला मोठमोठ्याने प्रोत्साहन देत होता. पुढे या कवितेच्या प्रकाशकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९५७ मध्ये तो निर्दोष सुटला. छापील पानावर येण्यापूर्वीच कविता एका खोलीत जिवंत होऊ शकते, हे अमेरिकेला त्या रात्रीने पुन्हा आठवून दिले.

४/
पण बंडालाही कालांतराने शिष्टाचार चिकटतो. १९८० च्या दशकापर्यंत काव्यवाचनाचा एक ठरीव साचा झाला होता. कवीने मान खाली घालून कागदावरून वाचायचे, श्रोत्यांनी शांत बसायचे आणि शेवटी सभ्यपणे टाळ्या वाजवायच्या. कविता कंटाळवाणी असली तरी तसे दर्शविण्याची सोय नव्हती. कविसंमेलनात चौदाव्या कवीची पाळी येईपर्यंत खुर्चीत अडकून पडलेल्या कोणालाही ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

५/
हा साचा ज्याला विशेष खटकला तो मार्क केली स्मिथ पेशाने बांधकाम मजूर होता आणि कविताही लिहीत असे. विद्यापीठीय काव्यवर्तुळाशी त्याचा संबंध नव्हता. १९८४ मध्ये त्याने शिकागोतल्या ‘गेट मी हाय लाउंज’ या छोट्या बारमध्ये सोमवारी रात्री काव्यवाचन सुरू केले. जागाही मुद्दाम अवघड. तेथे माणसे कवितेसाठी येत नसत, पेल्यासाठी येत. त्यांचे लक्ष वेधायचे तर कवीला आवाज, देह आणि नजर, सारेच पणाला लावावे लागे.

६/
दोन वर्षांनी, जुलै १९८६ मध्ये, हा प्रयोग ग्रीन मिलमध्ये आला. डेव्ह जेमिलो या नव्या मालकाने तो क्लब नुकताच विकत घेऊन त्याला जुने रूप देण्यास आरंभ केला होता. या वास्तूचा इतिहास विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जातो आणि दारूबंदीच्या काळात अल कपोनच्या टोळीशी तिचे नाव जोडलेले होते. रविवारची संध्याकाळ मोकळी होती. जेमिलोने ती स्मिथला दिली आणि ‘अपटाउन पोएट्री स्लॅम’ जन्माला आला.

७/
कार्यक्रमाचे तीन भाग स्थिर झाले. आधी ओपन माइक, मग निमंत्रित कवी वा पाहुणे कलावंत, आणि अखेरीस स्पर्धा. गंमत अशी की स्पर्धा ही मूळ योजनेत नव्हतीच. स्मिथ आणि त्याच्या सहकारी कवींच्या चमूकडे शेवटचा भाग भरून काढण्याइतका मजकूर उरला नाही, तेव्हा एक लुटुपुटीची झुंज लावण्यात आली. श्रोत्यांनी आरडाओरडा करून कौल दिला. लोकांना ती इतकी आवडली की पुढे तीच कार्यक्रमाची ओळख ठरली. ‘स्लॅम’ हा शब्दही आला तो बेसबॉल आणि ब्रिजमधल्या ‘ग्रँड स्लॅम’वरून, म्हणजे खेळाच्या भाषेतून.

८/
आरोळ्यांची जागा पुढे अंकांनी घेतली आणि नियम बांधले गेले. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटे, वर दहा सेकंदांची सवलत. त्यापुढे गुण कापले जातात. वेशभूषा, वस्तू, वाद्ये वर्ज्य. परीक्षक पाच, आणि तेही श्रोत्यांतूनच तेथल्या तेथे निवडलेले. प्रत्येकाने शून्य ते दहा यांदरम्यान, दशांशासह, गुण द्यायचे. सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्या तिघांची बेरीज करायची. सर्वोच्च गुणसंख्या तीस.

९/
कवींच्या झुंजी जगाला नव्या नव्हत्या. अमेरिकेतच न्यू मेक्सिकोमधील टाओस गावी १९८२ पासून मुष्टियुद्धाच्या धर्तीवर कवींचे सामने होत होते. मराठी माणसाला तर कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवतील. तेथे एक शाहीर कोडे घाली आणि दुसऱ्याला ते सोडवावे लागे; पुराण आणि अध्यात्म यांच्या ज्ञानाची ती कसोटी असे. स्लॅममध्ये प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायचे नसते. प्रत्येक जण आपली स्वतंत्र कविता म्हणतो आणि निवाडा करतो तो कवितेचे कसलेही शास्त्र न शिकलेला, क्वचित पहिल्यांदाच आलेला श्रोता.

१०/
कवितेला ८.७ गुण देणे हास्यास्पद आहे, ही गोष्ट स्लॅमच्या जनकांना ठाऊक नव्हती असे समजू नये. तो हास्यास्पदपणा हेतुपुरस्सर होता. जिम्नॅस्टिक्सच्या पंचांप्रमाणे आकडा उंच धरणारा माणूस दिसला की सभागृह हसते, चिडते, परीक्षकाची हुर्यो उडवते. या चिडण्यातच खरा लाभ होता. आपल्याला आवडलेल्या कवितेला कमी गुण मिळाले म्हणून जो भांडतो, त्याने ती कविता लक्षपूर्वक ऐकलेली असते.

११/
नापसंतीलाही ग्रीन मिलमध्ये रीतसर स्थान होते. कविता रटाळ वाटली तर श्रोते बोटांनी चुटक्या वाजवीत. तरीही ती लांबली तर पाय आपटीत, कण्हत. (पुढे अन्यत्र चुटकी ही नेमकी दाद देण्याची खूण बनली, हाही इतिहासाचा एक विनोदच.) काव्यवाचनात ऐकणे हे श्रोत्याचे कर्तव्य आणि बोलणे हा कवीचा हक्क, अशी वाटणी तोवर गृहीत होती. येथे ती उलटली.

१२/
हीच कल्पना न्यूयॉर्कला पोहोचली तेव्हा तिला वेगळे वजन आले. १९७३ च्या सुमारास मिगेल अल्गारीन या प्राध्यापक-कवीच्या घरातील बैठकांतून ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’ आकाराला आला. ‘न्यूयोरिकन’ म्हणजे न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन. १९१७ च्या कायद्याने हे लोक अमेरिकेचे नागरिक झाले होते. तरी इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या सरमिसळीने घडलेल्या त्यांच्या बोलीला पाठ्यपुस्तकांत वा वाङ्मयीन नियतकालिकांत फारसा थारा नव्हता. छापील पान बंद असलेल्यांना मंचाची गरज अधिक असते.

१३/
या मंडळींतील मिगेल पिन्येरो हा तुरुंगातून आलेला लेखक. तुरुंगातील अनुभवावरचे त्याचे ‘शॉर्ट आइज’ हे नाटक १९७४ मध्ये गाजले. पुढे १९८० च्या दशकात कॅफे बंद पडला आणि १९८८ मध्ये पिन्येरोही गेला. आपली रक्षा याच वस्तीत विखुरली जावी, अशी इच्छा त्याने कवितेतून व्यक्त केली होती. मित्रांनी मिरवणूक काढून ती पूर्ण केली. त्याच्या मृत्यूनंतर अल्गारीन आणि बॉब होलमन यांनी कॅफे पुन्हा उघडण्याचा निश्चय केला.

१४/
१९८९ च्या सुमारास कॅफेचे दार पुन्हा उघडले आणि होलमनने तेथे स्लॅम आणला. शुक्रवारची रात्र त्यासाठी ठरली. १९९० मध्ये तेथील पहिला ‘ग्रँड स्लॅम’ विजेता ठरलेल्या पॉल बेटी याला पुरस्कारादाखल पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध करण्याची संधी मिळाली. हाच बेटी पुढे कादंबरीकार झाला आणि २०१६ मध्ये ‘द सेलआउट’साठी बुकर पारितोषिक मिळवणारा पहिला अमेरिकी लेखक ठरला.

१५/
१९९० मध्येच सॅन फ्रान्सिस्को येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. वैयक्तिक विजेतेपद मिळाले शिकागोच्या पॅट्रिशिया स्मिथ हिला. ही कृष्णवर्णीय कवयित्री ग्रीन मिलच्याच मंचावर तयार झाली होती. राष्ट्रीय विजेतेपद तिने एकंदर चार वेळा जिंकले. स्पर्धेत शहरोशहरींचे संघ येऊ लागले आणि एका बारमधील खेळाची देशव्यापी चळवळ झाली.

१६/
यशाबरोबर दोषही उघडे पडले. रात्र चढत जाते तसे परीक्षकांचे आकडेही चढत जातात. आरंभी येणाऱ्या कवीवर अन्याय होतो. त्यावर तोडगा म्हणून स्पर्धेबाहेरचा एक कवी प्रथम पाठवण्याची प्रथा पडली. त्याला ‘बळीचा कवी’ म्हणतात. पण दुसऱ्या दोषावर तोडगा नव्हता. कोणत्या कवितेला गुण मिळतात हे कवींना कळू लागले. तीन मिनिटांत चढत जाणारा स्वर, शेवटी आवाजाचा स्फोट, आणि वैयक्तिक वेदनेचे कथन. ज्या साच्याविरुद्ध स्लॅम उभा राहिला, तसाच एक साचा त्याच्या पोटी जन्मला.

१७/
त्यात दूरचित्रवाणी आली. एचबीओ वाहिनीवर २००२ ते २००७ या काळात ‘डेफ पोएट्री’ ही मालिका चालली. तिचे रंगमंचीय रूप ब्रॉडवेवर पोहोचले आणि २००३ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. अनेक तरुण कवींना यामुळे नाव आणि उपजीविका लाभली. मार्क स्मिथ मात्र अस्वस्थ होता. त्याच्या दृष्टीने स्लॅम म्हणजे एका वस्तीतील माणसांनी एकत्र येण्याचे निमित्त. पडद्यावर उरला तो केवळ कवी. चुटकी वाजवणारा, पाय आपटणारा श्रोता तेथे प्रेक्षक झाला.

१८/
सर्वांत कठोर प्रहार केला तो विख्यात समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी. २००० साली ‘पॅरिस रिव्ह्यू’तील एका चर्चेत त्यांनी स्लॅमला कलेचा मृत्यू ठरवले. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. हळू आवाजातली, दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात उलगडणारी कविता तीन मिनिटांच्या कौलात हरणारच. प्रेमाने वा श्रमाने वाचणाऱ्याची जागा गर्दीने घ्यावी का, हा प्रश्न लोकशाहीइतकाच जुना आहे.

१९/
परंतु इतिहासाने दिलेले उत्तर या भाकिताशी जुळत नाही. ग्रीन मिलच्या संघातून स्पर्धेत उतरलेल्या टायहिंबा जेस या कवीला २०१७ मध्ये ‘ओलिओ’ या संग्रहासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. रचनेच्या दृष्टीने हा संग्रह कमालीचा गुंतागुंतीचा असून तो छापील पानाची पुरी परीक्षा घेतो. पॅट्रिशिया स्मिथचा कतरिना वादळावरील ‘ब्लड डॅझलर’ २००८ मध्ये नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होता. २०१८ मध्ये ती पुलित्झरच्या अंतिम यादीतही पोहोचली. मंचाने या कवींना पानापासून तोडले नाही.

२०/
दरम्यान हा प्रकार अमेरिकेबाहेर गेला. जर्मन भाषेने तर तो पुरता आपलासा केला. तेथील स्लॅम परंपरेची २०१६ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली. शिकागोत २००१ पासून ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ ही शालेय मुलांची स्पर्धा सुरू झाली आणि वेगवेगळ्या वस्त्यांतील, एरवी एकमेकांना कधीच न भेटणारी मुले एकमेकांच्या कविता ऐकू लागली.

२१/
अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा मात्र २०१८ नंतर थांबली आणि ती चालवणारी संस्थाही विसर्जित झाली. चळवळ संपली असे यावरून म्हणता येत नाही. स्लॅमचे मूळ मध्यवर्ती संस्थेत नव्हतेच. ते एका वस्तीत, एका ठरलेल्या वारी, एका ओळखीच्या खोलीत होते. ग्रीन मिलमधील रविवार तीन दशकांहून अधिक काळ टिकला, तो याच कारणाने.

२२/
स्लॅमच्या वर्तुळात एक वचन रूढ आहे. त्याचा आशय असा की गुण हे निमित्त आहे, खरे प्रयोजन कविता. चार दशकांचा हा इतिहास पाहिला तर त्यात थोडी भर घालता येईल. कोण जिंकले हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नसे. मात्र त्या रात्री पाच अनोळखी माणसांना कोणीतरी विचारले होते, ‘तुम्हाला काय वाटले?’ कवितेच्या बाबतीत हा प्रश्न सामान्य माणसाला क्वचितच कोणी विचारते. आज एखाद्या कॅफेत थरथरत्या हाताने यादीत नाव लिहिणारा मुलगा वा मुलगी आणि समोर बसून ऐकणारा अनोळखी माणूस, हे दोघेही त्याच प्रश्नाचे वारस आहेत.

(समाप्त)