फ्लॉरेन्स जेसी मॅकविल्यम्स : संकेतन सिद्धांताकडून शुद्ध गणिताकडे

प्रस्तावना

शुद्ध गणितात सिद्धांत जन्माला येतो आणि कालांतराने व्यवहारात त्याचे उपयोजन होते, असा क्रम गणिताच्या इतिहासात सामान्यतः गृहीत धरला जातो. फ्लॉरेन्स जेसी मॅकविल्यम्स यांची संशोधन कारकीर्द या गृहीतकास छेद देते. बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या परिसरात विकसित झालेले त्यांचे सूत्र पुढे शुद्ध गणितातील अशा एका प्रश्नाच्या सोडवणुकीचा आधार ठरले, की ज्याबाबत अंकसिद्धांत निर्णय देऊ शकला नव्हता. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

शैक्षणिक वाटचाल

मॅकविल्यम्स यांचा जन्म १९१७ मध्ये इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे झाला. केंब्रिज विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर १९३९ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऑस्कर झारिस्की यांच्याकडे आणि नंतर हार्वर्ड येथे त्यांनी काही काळ अध्ययन केले. मात्र १९४१ मध्ये विवाह झाल्यावर अध्ययनात दीर्घ खंड पडला. १९५८ मध्ये त्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाल्या, त्या संगणक प्रोग्रामर म्हणून. संशोधक म्हणून नव्हे.

तेथे राजचंद्र बोस यांच्या व्याख्यानामुळे त्यांना संकेतन सिद्धांताची गोडी लागली. बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले, आणि ओकेंगेम यांनी १९५९ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेले, संकेत आज बीसीएच संकेत म्हणून ओळखले जातात. मॅकविल्यम्स १९६१ मध्ये हार्वर्डला परतल्या आणि अँड्र्यू ग्लीसन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पीएच.डी. प्राप्त केली.

मॅकविल्यम्स नित्यसमीकरण

संदेशवहनात शिरणाऱ्या चुका ओळखून दुरुस्त करणे हा संकेतन सिद्धांताचा हेतू होय. संकेतशब्दातील शून्येतर अंकांच्या संख्येस त्याचा भार म्हणतात. कोणत्या भाराचे किती शब्द आहेत, यावरून संकेताची कार्यक्षमता अजमावता येते. प्रत्येक रेषीय संकेतास एक द्वैती संकेत असतो. मूळ संकेताच्या सर्व शब्दांशी लंब असणाऱ्या शब्दांचा तो समूह होय. उदाहरणार्थ, ००० आणि १११ या दोन शब्दांच्या संकेताचा द्वैती संकेत ०००, ११०, १०१ आणि ०११ असा आहे.

एका संकेताचे भारवितरण ज्ञात असल्यास द्वैती संकेताचे भारवितरण, त्यातील एकही शब्द न लिहिता, केवळ बीजगणिताने काढता येते, हे मॅकविल्यम्स यांनी सिद्ध केले. हा निष्कर्ष १९६३ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. अंकसिद्धांतातील थीटा फलनांच्या रूपांतरण सूत्राशी त्याचे जवळचे साम्य आहे.

दहा क्रमाच्या प्रतलाचा प्रश्न

सांत प्रक्षेपीय प्रतल कोणत्या क्रमांसाठी अस्तित्वात असते, हा चयनगणितातील जुना प्रश्न आहे. ब्रुक आणि रायझर यांच्या १९४९ च्या प्रमेयानुसार, क्रमास ४ ने भागून बाकी १ किंवा २ उरत असेल, तर तो दोन वर्गांची बेरीज असावा लागतो. त्यामुळे ६ हा क्रम बाद होतो. परंतु १० = १ + ९ असल्याने ही कसोटी १० बाबत निर्णय देत नाही. असे प्रतल असण्यासाठी दहा क्रमाचे नऊ परस्पर लंब लॅटिन चौरस आवश्यक आहेत. अशा दोन चौरसांची जोडी अस्तित्वात आहे, हे बोस, शरच्चंद्र श्रीखंडे आणि पार्कर यांच्या कार्यातून १९५९ मध्ये स्पष्ट झाले. यांपैकी श्रीखंडे यांनी पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुखपद भूषविले.

दहा क्रमाच्या प्रतलात १११ बिंदू आणि १११ रेषा असाव्या लागतात. त्यांपासून ११२ लांबीचा, स्वतःचाच द्वैती असलेला संकेत तयार होतो. त्यात २ च्या ५६ व्या घाताइतके, म्हणजे सतरा अंकी संख्येने मोजावे लागतील इतके शब्द असतात. ते एकेक करून तपासणे अशक्यप्राय होय. परंतु नित्यसमीकरणामुळे मूळ १११ लांबीच्या संकेतातील १२, १५ आणि १६ भारांच्या शब्दांची संख्या कळली की संपूर्ण भारवितरण निश्चित होते. मॅकविल्यम्स, स्लोन आणि थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये १५ भाराचा एकही शब्द असू शकत नाही, हे दाखविले. पुढे लॅम आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या साहाय्याने १२ आणि १६ हे भारही वगळले. आता समीकरणानुसार १९ भाराचे नेमके २४,६७५ शब्द असणे अनिवार्य होते. प्रत्यक्ष शोधात एकही आढळला नाही. अशा रीतीने दहा क्रमाचे प्रतल अस्तित्वात नाही, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

समारोप

स्लोन यांच्यासह लिहिलेला मॅकविल्यम्स यांचा १९७७ चा ग्रंथ या विषयाचा प्रमाणग्रंथ मानला जातो. १९८० मध्ये पहिले नोएथर व्याख्यान देण्याचा मानही त्यांना मिळाला. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कारकिर्दीतून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, उपयोजनाच्या गरजेतून निर्माण झालेले गणितही शुद्ध गणिताचे साधन बनू शकते. दुसरी, संशोधनाची क्षमता पदनाम, वय किंवा अखंड सेवाकाल यांवरून ठरविता येत नाही. सतरा वर्षांच्या खंडानंतर प्रोग्रामर म्हणून आलेल्या व्यक्तीस बेल प्रयोगशाळेचे आणि हार्वर्डचे दार बंद राहिले असते, तर गणिताची हानी झाली असती. उच्च शिक्षण संस्थांनी संशोधकांची निवड करताना या बाबीचा विचार करणे आवश्यक आहे.