ई-मेल चर्चा : ज्याचे शब्द, त्याचे नाव

संत जनाबाईंचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या गंगाखेडला नाममुद्रेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेत समाविष्ट झाले, तरी 'जनी' या मुद्रेमुळे ते त्यांच्याच नावे राहिले. ई-मेलवरील चर्चेतही हाच न्याय लागू होतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आरएफसी १८५५' या इंटरनेट शिष्टाचाराच्या मार्गदर्शिकेनुसार, उत्तर देताना मूळ पत्राचा सारांश किंवा संदर्भापुरताच मजकूर द्यावा. आलेले पत्र पुढे पाठविताना शब्द बदलू नयेत. काटछाट केल्यास मूळ लेखकाचा नामोल्लेख करावा. खासगी पत्र समूहात पाठविण्यापूर्वी परवानगी घ्यावी. अर्धेच वाक्य उद्धृत केल्यास लिहिणाऱ्याच्या तोंडी भलताच अर्थ घातला जातो आणि खुलासा सर्वांपर्यंत पोहोचतोच असे नाही.