चांद्याचे लोखंड : खनिज, कोळसा आणि तंत्र

विपुल खनिज असूनही एखादा प्रदेश उद्योगहीन का राहतो, या प्रश्नाचा विचार करताना जुन्या चांदा जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९८२ साली याच जिल्ह्याचे विभाजन होऊन चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे झाले.

या वनप्रदेशात मातीच्या लहान भट्ट्यांतून लोणारी कोळशाच्या साहाय्याने लोखंड गाळण्याची कला पूर्वापार चालत आली होती. त्या भट्टीत धातू पूर्णपणे वितळत नसे. खनिजातील प्राणवायू निघून जाऊन सच्छिद्र गोळा उरे व तो घणाने ठोकून शुद्ध करीत. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्तम होते. परंतु वरोऱ्याचा कोळसा झोतभट्टीस लागणाऱ्या कोकसाठी निरुपयोगी ठरला. १९०३-०४ च्या सुमारास दोराबजी टाटा व अमेरिकी भूवैज्ञानिक वेल्ड यांनी येथे पुन्हा शोध घेतला. तथापि प्रमथनाथ बोस यांच्या सूचनेनंतर शोधाची दिशा मयूरभंजकडे वळली. अखेर झरियाच्या कोळशाच्या आधारे साकची येथे कारखाना उभा राहिला व १९१२ साली तेथे पोलाद निघाले.

म्हणजे चांद्यात उणीव खनिजाची नव्हती. तत्कालीन तंत्रास अनुरूप अशा इंधनाची होती. पुढे कोक न होणाऱ्या कोळशावर चालणारे स्पंज लोखंडाचे तंत्र प्रचारात आले, आणि घुग्घुस येथे तसा कारखाना निघाला. तत्त्वतः ही क्रिया जुन्या भट्टीचीच होय. फरक प्रमाणाचा, नियंत्रणाचा व भांडवलाचा आहे. तंत्र बदलताच निरुपयोगी मानलेला कोळसा संपत्ती ठरला. येथे अनुकरणापेक्षा स्थानिक साधनांस जुळणाऱ्या तंत्राची निवड निर्णायक ठरली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मात्र एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या खाणीने दुसरा प्रश्न उभा केला आहे. २००७ मध्ये तिचा पट्टा दिला गेला. त्या डोंगराशी श्रद्धेने व उपजीविकेने बांधलेल्या माडिया ग्रामसभांनी विरोध नोंदविला. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे आता खनिजप्रक्रियेचा कारखाना उभारला गेला आहे. खनिज बाहेर न जाता जिल्ह्यातच त्याचे मूल्य वाढावे, हे इष्टच. परंतु त्या मूल्याबरोबर कौशल्यही स्थानिकांच्या हाती आले नाही, तर ज्यांच्या प्रदेशात एकेकाळी लोखंड गाळले जात होते, त्यांच्या वाट्यास केवळ अंगमेहनत उरेल. आणि ती प्रगती प्रदेशाची ठरेल, प्रजेची नव्हे.