एकेका खेळाडूचं एकेक कलम

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, खेळाडूंच्या युनियनशी २०२० साली केलेला करार साडेचारशे पानांचा आहे. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे; लांबट चेंडू काखेत मारून पळायचा आणि पळणाऱ्याला आडवा करायचा तो. कराराची भाषा वकिली असली, तरी तो गावकीच्या जुन्या ठरावांसारखा वाचावा लागतो. अमक्याची म्हैस तमक्याच्या शेतात शिरली म्हणून झालेला ठराव पुढे सगळ्या गावाला लागू होतो, तसं या करारातल्या बऱ्याच मोठ्या कलमांमागे एखादा खेळाडू उभा असतो. त्याला फट सापडली, तो निसटला, आणि ती फट बुजवायला कलम आलं. त्यातली दोन कलमं सगळ्यांना ठाऊक असतात. करार संपल्यावर हवा तो संघ निवडण्याची मुभा, म्हणजे फ्री एजन्सी; आणि एका संघाने एका हंगामात खेळाडूंवर किती खर्च दाखवायचा याची कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप. ही जुळी भावंडं आहेत.

या कुळाचा मूळपुरुष बिल रॅडोविच. डेट्रॉइट लायन्सचा हा गार्ड. १९४६ साली वडील आजारी म्हणून त्याला कॅलिफोर्नियात जायचं होतं. डेट्रॉइटने सोडायला नकार दिला. तो लॉस एंजेलिसमधल्या एका प्रतिस्पर्धी लीगच्या संघाकडे गेला आणि एनएफएलने त्याला काळ्या यादीत टाकलं. रॅडोविच कोर्टात गेला. बेसबॉलला १९२२ पासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट होती, आणि फुटबॉलचे मालक तीच सूट आपलीही धरून चालले होते. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेसबॉलची सूट बेसबॉलपुरती. फुटबॉल हा धंदा आहे आणि त्याला कायदा लागू आहे. पुढच्या सगळ्या लढाया याच एका वाक्याच्या जोरावर झाल्या.

तोवरची पद्धत साधी होती. १९३६ पासून नव्या खेळाडूंची वाटणी ड्राफ्टने होई: कुणी कुठे खेळायचं हे खेळाडूला कुणी विचारत नसे. करार संपला तरी संघाला आणखी एक वर्ष त्याला राखून ठेवायचा हक्क होता. ते जादा वर्ष काढलं की कागदावर तो मोकळा. प्रत्यक्षात एक मालक दुसऱ्याच्या माणसाला हात लावत नसे. १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आर. सी. ओवेन्सने ते जादा वर्ष काढून दाखवलं आणि बाल्टिमोर कोल्ट्सशी करार केला. एकच माणूस गेला, पण मालकांना घाम फुटला. १९६३ साली नियम आला: मोकळ्या खेळाडूला जो संघ घेईल, त्याने जुन्या संघाला भरपाई द्यायची, ती आपसात ठरली नाही तर लीगचे कमिशनर पीट रोझेल ठरवतील, आणि ते ठरवतील तेच अखेरचं. नाव पडलं रोझेल नियम.

नियमाचा खरा दात भरपाईच्या अनिश्चिततेत होता. १९६८ साली डेव्ह पार्क्स न्यू ऑर्लिन्सला गेला, तेव्हा रोझेलसाहेबांनी भरपाई म्हणून एक उमदा तरुण खेळाडू आणि वर ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड सॅन फ्रान्सिस्कोच्या पदरात टाकली. आधी माल घ्यायचा आणि किंमत नंतर तिसऱ्याने सांगायची, अशा दुकानात कोण जाईल? १९६३ ते १९७४ या काळात १७६ खेळाडूंनी जादा वर्ष काढलं. दुसऱ्या संघात गेले ते ३४.

मग जॉन मॅकी आला. कोल्ट्सचा हा टाइट एंड युनियनचा अध्यक्षही होता. मिनियापोलिसच्या फेडरल कोर्टात त्याच्या नावाचा खटला ५५ दिवस चालला, ६३ साक्षी झाल्या, आणि १९७५ च्या अखेरीस न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रोझेल नियम बेकायदा ठरवला. १९७६ साली अपिलातही निकाल टिकला. पण युनियनची तिजोरी रिकामी होती. तिने १९७७ च्या करारात कोर्टात मिळवलेलं स्वातंत्र्य टेबलावर ठेवलं आणि बदल्यात वर्गणीची शाश्वती व इतर सवलती घेतल्या. भरपाईचा तक्ता छापील झाला, इतकाच काय तो फरक. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यात महागडा सौदा. पुढची दहा वर्षं करार संपलेल्या नामांकित खेळाडूंना दुसऱ्या संघाकडून साधी विचारणाही क्वचित होई. १९८८ साली शिकागोच्या विल्बर मार्शलला वॉशिंग्टनने उचललं, पाच वर्षांचे ६० लाख डॉलर आणि वर पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजून. ती घटना होती ती दुर्मीळ म्हणूनच.

मॅकीच्या नावाशी जोडलेलं आणखी एक कलम आहे, ते मात्र कुणाला अडवण्यासाठी नाही. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंश जडला. त्याच्या पत्नीने कमिशनरना पत्र लिहिलं आणि २००७ पासून अशा माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंतची मदत सुरू झाली. मॅकीच्या जर्सीचा क्रमांक ८८ होता.

सॅलरी कॅपचं मूळ शोधताना एक गंमत हाती लागते. मर्यादा मालकांना हवी होती हे खरं, पण तिचा सांगाडा युनियनच्याच मागणीत सापडतो. १९८२ च्या ५७ दिवसांच्या संपात खेळाडूंनी मागितलं होतं की लीगच्या एकूण उत्पन्नातला ५५ टक्के वाटा आमचा. मालकांनी ते उडवून लावलं. धंदा आमचा, हिशेब कसला मागता? दुसऱ्याच वर्षी बास्केटबॉलच्या एनबीएने नेमकी तीच कल्पना स्वीकारली: उत्पन्नातला ठरावीक वाटा खेळाडूंचा, आणि त्यावरून प्रत्येक संघाची मर्यादा. म्हणजे कामगारांनी मागितलेला किमान वाटा आणि मालकांनी घातलेलं कमाल बंधन एकाच टक्केवारीतून निघतात. फुटबॉलला ते उमगायला आणखी दहा वर्षं आणि एक हरलेला संप लागला. १९८७ साली खेळाडू पुन्हा बाहेर बसले, तेव्हा मालकांनी बदली माणसं मैदानात उतरवली, टीव्हीने ते सामने दाखवले, आणि संप २४ दिवसांत कोसळला.

मग युनियनचे प्रमुख जीन अपशॉ यांनी अजब चाल खेळली. मालकांनी १९८९ साली ‘प्लॅन बी’ काढला होता: प्रत्येक संघाने आपले ३७ खेळाडू राखायचे, उरलेले मोकळे. मोकळे कोण, तर ज्यांची कुणाला फारशी गरज नाही ते. शिवाय कोर्टाचं म्हणणं पडलं की युनियनशी सौदा चालू असेतो मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्याची झळ लागत नाही. अपशॉनी युनियनच मोडीत काढली! युनियन नाही तर सौदा नाही, आणि सौदा नाही तर संरक्षणही नाही. न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात जण पुन्हा मिनियापोलिसच्या कोर्टात गेले. न्यायाधीश डेव्हिड डोटी. ज्यूरीत आठही स्त्रिया. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांनी ‘प्लॅन बी’ बेकायदा ठरवला. लगोलग डोटींनी चार खेळाडूंना पाच दिवसांची मोकळीक दिली. त्यातला कीथ जॅक्सन फिलाडेल्फियाहून थेट मायामीला गेला. पाच दिवसांत काय होतं हे मालकांनी डोळ्यांनी पाहिलं.

फिलाडेल्फियाचाच रेजी व्हाइट, बचावफळीतला अजस्र माणूस आणि दीक्षित धर्मोपदेशक, सगळ्या खेळाडूंच्या वतीने दावेदार झाला होता. जानेवारी १९९३ मध्ये त्या दाव्यात तडजोड झाली आणि जुळी जन्मली. पाच हंगाम खेळून करार संपलेला खेळाडू मोकळा. बदल्यात, खेळाडूंवरचा खर्च ठरावीक उत्पन्नाच्या ६७ टक्क्यांवर गेला की मर्यादा लागू. ती पुढच्याच वर्षी लागू झाली आणि मोकळं व्हायला चार हंगाम पुरेसे ठरले. १९९४ ची मर्यादा होती संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर, म्हणजे उत्पन्नाच्या ६४ टक्के. बारा वर्षांपूर्वी ५५ मागितले होते.

सगळ्यांना वाटलं, मोकळे खेळाडू मोठ्या शहरांत आणि उबदार हवेत जाणार. खुद्द व्हाइट गेला ग्रीन बेला, विस्कॉन्सिनमधल्या लाखभर वस्तीच्या गोठलेल्या गावी, चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरवर. देव सांगेल तिथे जाईन असं तो म्हणत होता. तेव्हा तिथल्या प्रशिक्षकाने ‘मी देव बोलतोय, ग्रीन बेला जा’ असा निरोप फोनवर ठेवला, असं सांगतात. जानेवारी १९९७ मध्ये ग्रीन बेने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

तडजोडीत एक राखीव जागाही होती. आपला एक लाडका खेळाडू संघाला अडवून ठेवता येई, मात्र त्याच्या जागेवरच्या सर्वाधिक पगारवाल्या पाचांची सरासरी त्याला द्यावी लागे. हा ‘फ्रँचायझी टॅग’ डेन्व्हरच्या मालकाला जॉन एल्वे हातचा जाऊ द्यायचा नव्हता म्हणून आला, असं सांगितलं जातं.

मर्यादेत मोजतात तो खर्च कागदावरचा. सही करताना दिलेला बोनस एकदम हातात पडतो, पण हिशेबात कराराच्या वर्षांवर वाटला जातो. ही फट सगळ्यात थाटात वापरली डॅलसच्या जेरी जोन्स यांनी. १९९५ साली त्यांनी डीऑन सँडर्सला सात वर्षांचे साडेतीन कोटी डॉलर कबूल केले. त्यातले जवळपास १ कोटी ३० लाख बोनस, आणि सुरुवातीच्या वर्षांचा मूळ पगार अगदी किमान. डॅलसने त्याच हंगामाचा सुपर बोल जिंकला. मग अर्थातच ‘डीऑन नियम’ आला: मूळ पगार नाममात्र ठेवून सारं बोनसमध्ये कोंबाल, तर त्यातला काही भाग आताच मोजला जाईल. पुढे बोनस पाच वर्षांपलीकडे पसरवायलाही बंदी झाली.

२०१० हा हंगाम तर विनोदीच. जुना करार मोडत आला होता, म्हणून त्या वर्षी मर्यादाच नव्हती. वॉशिंग्टन आणि डॅलसने त्या वर्षावर भरपूर खर्च टाकला. २०१२ साली लीगने वॉशिंग्टनच्या मर्यादेतून ३ कोटी ६० लाख आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर कापले. गुन्हा काय, तर मर्यादा नसलेल्या वर्षी मर्यादा ओलांडली.

आपल्याकडच्या आयपीएलची संघामागे ठरवलेली लिलावाची रक्कम याच गोत्रातली. मुंबईत २००८ च्या पहिल्या लिलावात ती ५० लाख डॉलर होती. तिथे मात्र युनियन नाही, ज्यूरी नाही, त्यामुळे कलमांना असा इतिहासही नाही.

एनएफएलची मर्यादा २०२१ साली कोविडमुळे १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली आणि २०२५ पर्यंत २७ कोटी ९२ लाखांवर चढली. दिलेला बोनस हिशेबात पुढे ढकलायची सवय मात्र कुठलंही कलम मोडू शकलेलं नाही, आणि खेळाडू आधीच गेला तर उरलेला आकडा संघाच्या गळ्यात पडतो. मार्च २०२४ मध्ये डेन्व्हरने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं, तेव्हा त्याच्या नावावर साडेआठ कोटी डॉलर उरले होते. ते दोन हंगामांत विभागले गेले. विल्सन पिट्सबर्गला गेला, आणि त्या संघाला तो किमान पगारात, १२ लाख १० हजार डॉलरला पडला. त्या वर्षीच्या त्याच्या कमाईतला बाकीचा मोठा भाग डेन्व्हरच देत होतं. दुसऱ्या वर्षी डेन्व्हरच्या मर्यादेत त्याचे ३ कोटी २० लाख शिल्लक होते. तोवर तो न्यूयॉर्क जायंट्समध्ये गेला होता.