दुसऱ्या मताचं काय करायचं?

सगळी बटणं एकाच चिन्हावर दाबायची, की प्रत्येक खुर्चीसाठी वेगळा विचार करायचा? प्रश्न तसा जुना आहे. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात तो डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये फारच अंगावर आला. कर्जत लोकलच्या डब्यात, भाजीवाल्यापाशी, सोसायटीच्या जिन्यात... जो तो एकमेकांना हेच विचारत होता. "पॅनल टू पॅनल की क्रॉस?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर इथे नगरपरिषदा आहेत. त्यांची आधीची निवडणूक २०१५ ची. मुदत २०२० मध्ये संपली, त्यानंतर साडेपाच वर्षं प्रशासक. या वेळी नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. म्हणजे मतदाराला एक मत नगराध्यक्षासाठी आणि शिवाय आपल्या प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एकेक. बहुतेक प्रभागांत दोन जागा, म्हणून एकूण तीन बटणं. शेजारच्या उल्हासनगरात महानगरपालिका आहे. तिथे महापौर नगरसेवकांनी निवडायचा, पण बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे. म्हणजे अ, ब, क, ड अशा जागा, निरनिराळ्या रंगांच्या मतपत्रिका आणि एकाच माणसाला चार मतं. त्यातलं एकही मत टाळता येत नाही. कुणीच नको असेल तर 'नोटा' दाबा, पण दाबा!

अंबरनाथचा निकाल २१ डिसेंबर २०२५ ला लागला तेव्हा गंमत झाली. नगराध्यक्षपदी भाजपच्या तेजश्री करंजुले निवडून आल्या. पण ५९ नगरसेवकांत सर्वांत मोठा पक्ष ठरला शिवसेना (शिंदे गट), २७ जागा. भाजप १४, काँग्रेस १२, राष्ट्रवादी ४ आणि अपक्ष २. खुर्ची एकाची, सभागृहात मोठा आकडा दुसऱ्याचा.

लोक लगेच म्हणू लागले, "बघा, अंबरनाथकरांनी क्रॉस मतदान केलं!" केलं असणारच, पण नुसत्या या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही बरं का. नगराध्यक्षाची मतं अख्ख्या शहराची एकत्र मोजतात, नगरसेवकाची प्रभागवार. एखाद्या पक्षाची मतं सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असतील तर शहरभराच्या बेरजेत तो पुढे राहतो आणि प्रभागांत मागे पडतो. प्रत्येकाने तिन्ही बटणं एकाच पक्षाची दाबली तरी असा निकाल लागू शकतो. मत गुप्त असतं, त्यामुळे कुणी काय केलं हे कुणालाच कळत नाही. आणि ते कळू नये, हेच बरं.

आमच्या घरातही यावर दोन तट होते. वडील, म्हणजे अण्णा, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं सरळ. "एकाला निवडायचं आणि पाच वर्षांनी त्यालाच जाब विचारायचा. चौघांना थोडं थोडं दिलंस तर जाब कुणाला विचारणार? गटार तुंबलं की हा म्हणेल तो बघतो, तो म्हणेल हा बघतो."

मी म्हटलं, "अण्णा, पण तुमच्या पक्षाने दिलेला उमेदवार तुम्हाला तरी पसंत आहे का?"

"नाही. पण मत मी उमेदवाराला देत नाही, पक्षाला देतो."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पक्षाला मत देणारा माणूस आंधळा असतो असं आपण सहज समजतो. पण त्याच्या बाजूला एक भक्कम मुद्दा आहे, जबाबदारीचा. अडचण इतकीच की पक्षानेही त्याच जागी उभं राहायला हवं. अण्णांनी आयुष्यभर ज्या चिन्हावर शिक्का मारला तो पक्ष २०२२ मध्ये फुटला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. चिन्ह तेच, पण घर दोन झाली. राज्यात भाजप आणि शिंदेसेना एकत्र सत्तेवर, आणि अंबरनाथ-बदलापूरला नगराध्यक्षपदासाठी एकमेकांच्या समोर. मग 'युतीचा मतदार' म्हणवणाऱ्याने सरळ मत द्यायचं म्हणजे नेमकं कुठे द्यायचं?

मतं फोडण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा यांचं मतदान एकत्र झालं. शिवसेना-भाजप युतीने लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा जिंकल्या (१५ आणि १३). विधानसभेत मात्र २८८ पैकी १२५ वरच (६९ आणि ५६) युती अडली आणि सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं आलं. अर्थात इथेही आकड्यांबद्दलची तीच सावधगिरी लागू आहे. पण दिल्लीला एक आणि मुंबईला दुसरा, असा विचार करणारे मतदार त्यात होते एवढं मानायला हरकत नसावी. आमच्याच भागात २०१४ च्या मे महिन्यात कल्याण लोकसभा मतदारसंघातून शिवसेनेचे श्रीकांत शिंदे निवडून आले आणि त्याच मतदारसंघातल्या उल्हासनगर विधानसभेत ऑक्टोबरमध्ये राष्ट्रवादीच्या ज्योती कलानी. पाच महिन्यांचं अंतर!

पण हा सगळा हिशेब करताना मला राहून राहून आठवतात त्या आणखी जुन्या दोन निवडणुका. एका माणसाच्या हातात दोन मतं असली की काय काय होऊ शकतं, ते त्यांत दिसतं.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यातली एक बाद. उत्तर मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते आणि त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा समझोता होता समाजवादी पक्षाशी. त्या पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतं घेऊन निवडून आले. फरक १४,५६१ चा. आणि बाद झालेली मतं? सुमारे ७४ हजार!

'मतं कुजवणं' हा शब्दप्रयोग मराठीत त्या काळात गाजला. दुसरं मत कुणालाच न देता वाया घालवायचं, म्हणजे कुजवायचं. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरं मत कुजवायला सांगितलं, असा आरोप आंबेडकर आणि मेहता यांनी केला आणि निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्जही केला. तो फेटाळला गेला. बाद मतांपैकी किती मुद्दाम कुजवलेली आणि किती नवख्या मतदारांच्या गोंधळातून गेलेली, हे आज कोण सांगणार?

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा तीच जोडी. आंबेडकर राखीव जागेवर, अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. या वेळी कुजवण्याचा डाव खुद्द बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांपुढे उघडा होता. तो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. राखीव जागा आधी भरायची, अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं त्याने. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याला सर्वांत जास्त मतं तो दुसऱ्या जागेवर, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणजे राखीव जागा हातची गेली तरी दुसऱ्या जागेवर येण्याची वाट होती. फक्त मेहतांची मतं कमी व्हायला हवी होती! हा निव्वळ कागदी हिशेब नव्हे. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात असंच झालं. दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

भंडाऱ्यात अनुयायांनी आग्रह धरला की आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगा. बाबासाहेबांनी नकार दिला. मतदाराच्या हातातलं मत वाया घालवायला सांगणं त्यांना मान्य नव्हतं. निकाल लागला. मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना १,४०,८६४ मतं आणि बाबासाहेबांना १,३२,४८३. फरक ८,३८१. लोकसभेत जाण्याची त्यांची ती शेवटची लढत ठरली. डिसेंबर १९५६ मध्ये ते गेले. द्विसदस्य मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने गेले.

८,३८१ हा आकडा मी विसरू शकत नाही. ती मतं कुजवून जागा मिळालीच असती, असं मी म्हणत नाही. पण मिळण्याची शक्यता समोर दिसत असताना माणूस "नको" म्हणतो, तेव्हा मताबद्दल काहीतरी ठरवून टाकतो. आपल्याला दोन मतं मिळाली असतील तर दुसरं मत हे पहिल्याचं हत्यार नाही. तेही एक पूर्ण मत आहे आणि ते कुणालातरी प्रतिनिधी करण्यासाठी आहे.

आता परत आमच्या पट्ट्यात येऊ. चार जणांच्या प्रभागात बहुतेकांचं काय होतं? एक उमेदवार ओळखीचा असतो. गणपतीला वर्गणी देणारा, रात्री-अपरात्री फोन उचलणारा. त्याचं बटण आपण मनापासून दाबतो. उरलेली तीन? ती 'त्याच्याच पॅनलची' म्हणून, किंवा नुसतीच शिट्टी वाजावी म्हणून. पेटीचा जमाना गेला, नियम बदलले, पण मत कुजायचं थांबलं नाही. आता ते मोजणीत धरलं जातं, एवढाच फरक!

म्हणून मला वाटतं, सरळ की फोडून, हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. आधी विचारायचं की या खुर्च्यांचं काम एकच आहे की वेगळं? अंबरनाथ-बदलापूरला नगराध्यक्ष सगळ्या शहराचा, नगरसेवक आपल्या गल्लीचा. कामं वेगळी, तर माणसंही वेगळ्या पक्षांची निवडण्यात गैर काहीच नाही. उलट वरच्या खुर्चीवर एक आणि सभागृहात दुसरा असला की एकमेकांवर लक्ष राहतं. उल्हासनगरच्या चारही जागांचं काम मात्र एकच. तिथे अण्णांचा जबाबदारीचा मुद्दा जास्त वजनदार ठरतो. तिथे मत फोडायचं तर "हा माणूस नको" असं ठाम कारण हवं, नुसता समतोल साधण्याची हौस नको.

आणि निकालानंतर काय होईल ते मतदाराच्या हातात उरत नाही, हेही डोळ्यांआड करून चालणार नाही. अंबरनाथलाच बघा. निकालानंतर भाजपने काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या नगरसेवकांना घेऊन आघाडी केली. राज्यभर गदारोळ झाला. काँग्रेसने आपल्या बाराही नगरसेवकांना निलंबित केलं आणि ते भाजपमध्ये गेले. मग राष्ट्रवादीचे चौघे शिवसेनेच्या बाजूला वळले आणि जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रवादीचे सदाशिव पाटील शिवसेनेच्या पाठिंब्यावर उपनगराध्यक्ष झाले. हे सगळं महिन्याभरात! ज्याने तिन्ही बटणं काँग्रेसची दाबली त्याचं सरळ मतही वाकडं झालं. ज्याने विचार करून फोडलं त्याचं दुसऱ्यांनीच शिवून टाकलं.

निकाल लागल्यावर अण्णा म्हणाले, "मग मी काय वेगळं सांगत होतो? सगळे सारखेच." मला ते पटलं नाही. सगळे सारखे असते तर त्यांनी ऐंशीव्या वर्षी रांगेत तास काढला नसता.

असो. पुढच्या वेळी कायदा पुन्हा बदललेला असेल. नगराध्यक्ष थेट निवडायचा की नाही, प्रभाग एकाचा की चौघांचा, हे आपल्याकडे सरकार बदललं की बदलतं. २००२ मध्ये महापालिकांत तीन-तीनचे प्रभाग होते, २००७ ला एकेकाचे, २०१२ ला दोनाचे, २०१७ ला चाराचे. तो हिशेब वरचे करतील. आपण एवढंच करू शकतो की मतदानाच्या आदल्या रात्री आपल्या प्रभागातली सगळी नावं एकदा वाचायची. पहिल्या जागेची वाचतो तितक्याच लक्षपूर्वक चौथ्या जागेचीही. मग सगळी बटणं एकाच चिन्हावर गेली तरी ती चार मतं असतील. नाहीतर एक मत, आणि तीन शिट्ट्या.