सह्याद्रीत वाट चुकल्यास

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धुके काही मिनिटांत उतरते आणि मळलेली वाट दिसेनाशी होते. अशा वेळी घाईने खाली उतरणे घातक ठरते. ओढ्याचे पात्र वाटेसारखे भासते. पण ते अनेकदा कड्यापाशी संपते आणि वर पाऊस झाल्यास त्यात अचानक लोंढा येतो. म्हणून पात्रापासून दूर, सुरक्षित सपाटीवर थांबावे.

सोबत शिट्टी, विजेरी, जादा सेल, कोरडे कपडे, प्लॅस्टिकचा कागद, पाणी व सुका खाऊ असावा. ओल्या कपड्यांमुळे शरीराची उष्णता वेगाने कमी होते. ते प्रथम बदलावेत. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र दूरवर ऐकू जाते. मिनिटभरात ६ वेळा शिट्टी वाजवून एक मिनिट थांबणे व पुन्हा वाजवणे, हा गिर्यारोहकांचा आंतरराष्ट्रीय संकटसंकेत आहे. रात्री तो विजेरीनेही देता येतो. मिनिटभरात ३ वेळा उत्तर आल्यास संकेत पोहोचला, असे समजावे. मोबाइलला रेंज असल्यास ११२ क्रमांक लावावा.

कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे निघण्यापूर्वीच घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून ठेवावे; शोध घेणाऱ्यांना त्याचाच पहिला आधार असतो.